पाच रात्री, एक घर आणि न लिहिलेले संवाद

पेडणे, आषाढ

‘कोहिअरन्स’ हा चित्रपट काल पुन्हा पाहिला. जेम्स वॉर्ड बर्किट यांनी दिग्दर्शित केलेला हा ८९ मिनिटांचा अमेरिकी चित्रपट २०१३ मध्ये ऑस्टिन येथील ‘फँटॅस्टिक फेस्ट’ या महोत्सवात प्रथम दाखवला गेला, पुढच्या वर्षी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला, आणि त्यानंतर एकाने दुसऱ्याला सांगावे, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशा रीतीने त्याचा स्वतःचा असा एक निष्ठावंत प्रेक्षकवर्ग तयार होत गेला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा कथानकाच्या गुंत्यानेच मला धरून ठेवले होते. कोण कुठल्या घरातला, कोण केव्हा बाहेर गेला, परत आला तो तोच होता की दुसरा, याची टिपणे काढण्यातच माझे लक्ष अडकले होते. काल मात्र तो मोह बाजूला ठेवून मी माणसांच्या बोलण्याकडे लक्ष दिले. जे जाणवले ते कथानक उलगडल्याशिवाय लिहिता येणार नाही, म्हणून ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांनी तो आधी पाहावा आणि मगच हे पान वाचावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

घटना साधी आहे. आठ मित्रमैत्रिणी एका घरी रात्रीच्या जेवणासाठी जमतात. त्या रात्री पृथ्वीजवळून एक धूमकेतू जाणार आहे. जेवणाच्या टेबलावर जुनी प्रेमप्रकरणे, हुकलेल्या संधी आणि न विचारलेले प्रश्न यांचे हलके हलके टोमणे चालू असतात. मोबाइलच्या काचा आपोआप तडकतात, वीज जाते, आणि सगळी वस्ती अंधारात बुडालेली असताना थोड्या अंतरावरचे एकच घर उजळलेले दिसते. मदत मागण्यासाठी, निदान फोन करण्यासाठी, दोघे त्या घराकडे जातात आणि एक पेटी घेऊन परततात. त्या घरात त्यांना जे दिसले ते सांगताना त्यांची जीभ अडखळते, कारण त्या घरात हेच टेबल, हीच मेणबत्ती आणि हेच आठ जण असतात. पेटीत याच आठ जणांची छायाचित्रे निघतात, प्रत्येकाच्या मागे एक आकडा लिहिलेला असतो, आणि सोबत टेबल टेनिसची एक बॅट असते. त्यांच्यापैकी एकाचे छायाचित्र तर त्याच रात्रीच्या कपड्यांत काढलेले आहे.

या प्रसंगापासून पुढे चित्रपटात जवळजवळ काहीच ‘दाखवले’ जात नाही. अवकाशयान नाही, यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. एक दिवाणखाना, एक स्वयंपाकघर, बाहेर काळोख आणि हातात चमकणाऱ्या निळ्या किंवा लाल नळकांड्या, एवढ्यावर सगळे उभे आहे. संपूर्ण चित्रीकरण पाच रात्रींत, कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात झाले आणि खर्च सुमारे ५०,००० डॉलर आला, म्हणजे त्या काळच्या दराने साधारण २५ ते ३० लाख रुपये. पैसे कमी होते म्हणून घर वापरले, ही गोष्ट खरीच आहे, पण माझ्या मते ती अपुरी आहे. घर आहे म्हणूनच ही कथा जमली. परक्या ग्रहावर स्वतःसारखा माणूस भेटला तर आपण त्याला परक्या ग्रहाचेच एक आश्चर्य समजू. आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच कपात पाणी पिताना तो भेटला तर मात्र घर कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्या प्रश्नाला पळवाट नसते.

आता मूळ मुद्दा. या चित्रपटाला लिहिलेले संवाद नाहीत. बर्किट आणि त्यांचे कथासहकारी अलेक्स मानुजियन यांनी कथेचा सांगाडा, तिची वळणे आणि तिची कोडी दीर्घ काळ खपून बांधली; परंतु नटांच्या हाती पटकथा दिलीच नाही. रोज प्रत्येक नटाला फक्त त्याच्यापुरते एक टिपण मिळत असे. आज तुझ्या पात्राला काय हवे आहे, कोणती जुनी आठवण तू सांगायची आहेस, कोणती गोष्ट तू लपवायची आहेस, एवढेच त्यात असे. शेजारी बसलेल्याच्या टिपणात काय आहे हे कोणालाही ठाऊक नसे. दारावर थाप पडणार आहे हे एकाला माहीत असेल तर उरलेल्यांना नसे. म्हणून दार वाजते तेव्हा जे दचकतात ते खरोखर दचकतात. आणि एकमेकांचे बोलणे मध्येच तोडणे, अर्ध्यावर विषय सोडणे, नको तिथे हसणे, ऐकू आले नाही म्हणून पुन्हा विचारणे, हे सारे त्या टेबलावर जसे घडते तसे लिहून घडवणे फार अवघड आहे.

हे वाचल्यावर मला पेडण्यातला दशावतार आठवला नसता तरच नवल. कार्तिकानंतर आमच्याकडे जत्रांचे दिवस सुरू झाले की देवळासमोरच्या मांडवात रात्रभर दशावतारी नाटक चालते. गणपती, सरस्वती, संकासुर यांचा पूर्वरंग आटोपला की आख्यान लागते, आणि त्या आख्यानाचे संवाद कोणत्याही वहीत लिहिलेले नसतात. रंगपटात चेहरे रंगवता रंगवता कथा ठरते, प्रवेशांचा क्रम ठरतो, आणि मग राजपार्टी, स्त्रीपार्टी आणि खलपार्टी आपापल्या हुशारीवर, पाठांतरावर आणि मुख्यतः कानांवर भरवसा ठेवून रंगमंचावर जातात. मांडवात नेपथ्य म्हणून एक बाकडे असते. तेच सिंहासन, तोच पर्वत, तीच शय्या. लहानपणी मला त्या बाकड्याची उणीव कधी भासली नाही, कारण त्यावर बसलेला माणूस राजासारखा बोलत असे.

आमच्या वाड्यावर एक ज्येष्ठ कलाकार आहेत, ज्यांनी उभे आयुष्य स्त्रीपार्ट केला. त्यांना मी एकदा विचारले होते की, काका, समोरचा काय बोलणार हे ठाऊक नसताना भीती वाटत नाही का. त्यांनी सांगितले की भीती नवशिक्याला वाटते, कारण तो आपले पुढचे वाक्य मनात जुळवत बसतो आणि समोरच्याचे वाक्य त्याला ऐकूच येत नाही. राजाने भर सभेत अनपेक्षित आरोप केला, तर राणीने क्षणभर गप्प राहावे, तो आरोप अंगाला लागू द्यावा, आणि मग जे तोंडात येईल ते राणीचेच असेल. ‘कोहिअरन्स’मध्ये एम नावाची जी मुख्य स्त्री आहे, तिची भूमिका करणाऱ्या एमिली बाल्डोनी यांच्या चेहऱ्यावर मला काल नेमके हेच क्षण दिसले. प्रश्न आला, तो लागला, आणि मग उत्तर आले. ते मधले पाऊण-एक सेकंद या चित्रपटाचे खरे धन आहे.

तरीही दशावतार आणि हा चित्रपट यांत एक मोठा फरक आहे, आणि त्या फरकाकडे दुर्लक्ष करून केवळ साम्याचे कौतुक करणे मला योग्य वाटत नाही. दशावतारात कथा पुराणातली असते. शेवट नटाला ठाऊक, प्रेक्षकाला ठाऊक, मांडवाच्या कडेला चणे विकणाऱ्यालाही ठाऊक. तिथे वाट मोकळी असते आणि मुक्काम ठरलेला असतो. बर्किट यांनी मुक्काम स्वतःजवळ आणि मानुजियन यांच्याजवळ ठेवला आणि उरलेल्या सात जणांना अंधारात चालायला लावले. मानुजियन यांनी चित्रपटात अमीरची भूमिकाही केली आहे, म्हणजे टेबलावर बसलेल्यांपैकी एकाला पूर्ण नकाशा माहीत होता. प्रसंग भरकटू लागला की त्याला आतूनच वळण देणारा एक जाणता माणूस तिथे बसलेला होता. दशावतारी कंपनीतही असा एक जुना नट असतोच. तरुणांचा संवाद लांबला किंवा कथा सोडून दुसरीकडे गेली की तो भूमिकेत राहूनच एखादे वाक्य टाकतो आणि गाडी रुळावर येते. ही कला बाहेरून दिसत नाही, आणि ती दिसत नाही हेच तिचे यश.

दुसरी रात्र

संध्याकाळपासून पावसाने वीज घालवली होती. ती आत्ता आली. कालचे लिहिलेले वाचले. नटांविषयी लिहिण्याच्या भरात विज्ञान राहून गेले, आणि विज्ञानकथेबद्दल लिहिताना ते राहून जाणे बरोबर नाही.

भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये क्वांटम सिद्धांताविषयी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या वागणुकीच्या सिद्धांताविषयी, मांडलेला बंद पेटीतल्या मांजराचा विचारप्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो. पेटी उघडून पाहीपर्यंत मांजर जिवंत आणि मृत या दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात आहे असे मानावे लागेल, मग हे आपल्या नेहमीच्या अनुभवाशी जुळवायचे कसे, असा त्यांचा रोख होता. १९५७ मध्ये ह्यू एव्हरेट यांनी वेगळी मांडणी केली, आणि तिचा पुढे रूढ झालेला अर्थ असा की दोन्ही शक्यता खऱ्याच राहतात, फक्त त्या वेगवेगळ्या शाखांत जातात. मग या शाखा एकमेकींना का जाणवत नाहीत, याचे उत्तर १९७० पासून हान्स डीटर त्से आणि त्यांच्यानंतरच्या भौतिकशास्त्रज्ञांनी शोधले. कोणतीही मोठी वस्तू हवेच्या रेणूंना, प्रकाशाच्या कणांना सतत स्पर्श करत असते. त्या असंख्य स्पर्शांतून दोन अवस्थांमधला नाजूक मेळ भोवतालात विखुरतो, आणि तोही सेकंदाच्या अत्यल्प अंशात. या विखुरण्याला डिकोहिअरन्स म्हणतात. चित्रपटातील पात्रांना गाडीत ठेवलेली काही टिपणे सापडतात, आणि त्यांच्या आधाराने ती असा तर्क करतात की धूमकेतूमुळे शाखांना वेगळे ठेवणारी ही व्यवस्था त्या रात्रीपुरती निकामी झाली आहे.

कोणत्याही धूमकेतूत असे सामर्थ्य नसते, हे सांगायला नको. बर्फ, धूळ आणि खडक यांचा तो गोळा. त्याचे शेपूट दिसायला भव्य असले तरी अत्यंत विरळ. याच चित्रपटाच्या वर्षी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, आयसॉन नावाचा धूमकेतू सूर्याजवळून जाताना विस्कटून गेला आणि आकाशाकडे डोळे लावून बसलेल्यांची निराशा झाली. पण आपल्याकडे शेंडेनक्षत्र दिसले की वडीलधारी माणसे अजूनही थोडी गंभीर होतात, आणि चित्रपटाने विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा त्या गांभीर्याचाच अधिक आधार घेतला आहे. जेवताना एम फिनलंडमधली १९२३ सालची एक हकिकत सांगते. तिथेही धूमकेतू गेल्यावर एका बाईने पोलिसांना कळवले की घरात असलेला माणूस तिचा नवरा नाही. कशावरून, असे विचारल्यावर ती म्हणाली की नवऱ्याला तिने आदल्याच दिवशी मारले होते. टेबलावर हशा होतो. पुढे जे घडणार त्याचे सगळे बीज या हकिकतीत आहे, आणि ती इतक्या सहजपणे, घास घेता घेता सांगितली जाते की पहिल्या वेळी ती मी केवळ गप्पांचा भाग म्हणून ऐकली होती.

मराठी वाचकाला पर्यायी जगांची कल्पना नवी नाही. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथेतले गंगाधरपंत ज्या जगात जाऊन पडतात तिथे १७६१ च्या पानिपतावर गोळी हुकल्याने विश्वासराव वाचतात आणि सगळा इतिहास वेगळ्या वाटेला लागतो. शाळेत मुलांना ती कथा वाचून दाखवताना मी नेहमी थांबतो ते त्या गोळीपाशी, कारण एवढ्याशा अंतराने साम्राज्यांचे भवितव्य फिरते. ‘कोहिअरन्स’मधली गोळी याहून फारच लहान आहे. एम नृत्यांगना आहे. एका कार्यक्रमात तिला काम मिळू शकत होते, तिने निर्णयाला वेळ लावला, तिची जागा दुसरीला मिळाली आणि ती दुसरी नावारूपाला आली. आता तिचा सोबती केव्हिन कामासाठी काही महिने व्हिएतनामला निघाला आहे, तिने सोबत यावे असे त्याला वाटते, आणि ती पुन्हा एकदा उत्तर लांबवते आहे. इतिहासाच्या पुस्तकात यातले काहीही येणार नाही. पण एका माणसाच्या आयुष्यात एवढेच पुरते, आणि मला ही मोजपट्टी अधिक जवळची वाटते.

घराला ओळख देण्याचा प्रसंग मला गणिताचा शिक्षक म्हणून विशेष आवडतो. आपण आपल्याच घरात आहोत हे नंतर कसे ओळखायचे, या काळजीने पात्रे एकेक फासा टाकतात, जो आकडा पडेल तो आपापल्या छायाचित्रामागे लिहितात आणि पेटीत एखादी यदृच्छेने उचललेली वस्तू ठेवतात. आठ छायाचित्रे आणि प्रत्येकावर १ ते ६ पैकी एक आकडा धरला तर १६,७९,६१६ निरनिराळ्या मांडण्या होतात. वस्तूमुळे ही संख्या आणखी वाढते. सुरुवातीला सर्वांना वाटते की घरे दोनच आहेत, हे आणि ते, निळ्या नळकांड्यांचे आणि लाल नळकांड्यांचे. मग कोणाचे तरी आकडे जुळत नाहीत, कोणाला बॅटीऐवजी दुसरीच वस्तू आठवते, आणि हळूहळू लक्षात येते की दोन घरांमधला काळोखाचा पट्टा ओलांडला की माणूस कुठल्याही घरी पोहोचू शकतो आणि आपले घर पुन्हा सापडण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. या क्षणी पार्श्वसंगीत वाढवण्याची किंवा कोणी किंचाळण्याची गरज पडत नाही. खोलीतली माणसे एकमेकांकडे पाहतात, आणि त्यांच्यापैकी कितीजण सुरुवातीला जेवायला बसलेलेच आहेत, याचा हिशेब आपण मनातल्या मनात करू लागतो.

संवाद न लिहिण्याचा परिणाम इथे येऊन भिडतो. लिहिलेल्या भयकथेत एखादे पात्र भित्रे, एखादे दुष्ट, एखादे शहाणे असे वाटून दिलेले असते. इथे माईक नावाचा माणूस, ज्याने दारू सोडलेली आहे, दारू पिऊन म्हणतो की त्या घरातला माईक इकडे येऊन आपल्याला इजा करण्याआधी आपणच काहीतरी केले पाहिजे, कारण तो स्वतःला ओळखतो. हे वाक्य खलपार्टीचे नाही. घाबरलेला, स्वतःविषयी वाईट मत असलेला माणूस जे बोलेल ते हे आहे. त्या घरातली माणसे म्हणजे आपणच, हे कळल्यावर त्यांच्याशी बोलून पाहावे असा आग्रह फारसा टिकत नाही. चिठ्ठी लिहिली जाते, पण तीच चिठ्ठी आपल्याही दाराला लागलेली मिळते. बाहेर गेलेल्या चौघांना काळोखात समोरून चौघे येताना दिसतात, आणि दोन्ही गट न बोलता मागे पळतात. परक्याची भीती वाटावी हे समजू शकते. हे लोक स्वतःला घाबरतात, कारण आपल्या मनात काय चालले आहे हे प्रत्येकाला ठाऊक आहे आणि समोरच्याच्याही मनात तेच असणार.

माझी भाची पणजीला शिकते, इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, दिवसांत रांगा लावून चित्रपट पाहते, आणि तिने ‘कोहिअरन्स’ माझ्याही आधी पाहिला होता. तिचे म्हणणे असे की, मामा, एमने शेवटी जे केले त्यात तिचा दोष नाही. तिचे घर हरवले होते, तिथे भांडणे आणि मारामारी सुरू झाली होती, आणि जगायला एक चांगली जागा शोधणे हा कोणाचाही हक्क आहे. मी तिचे म्हणणे नीट ऐकून घेतले. एम घरामागून घर पाहत जाते. खिडक्यांतून तिला तिचीच निरनिराळी आयुष्ये दिसतात. कुठे रडारड, कुठे हिंसा, आणि एका घरात मात्र वीज गेलेलीच नाही, कोणी घाबरलेले नाही, केव्हिन हसतो आहे, आणि तिथल्या एमने बहुधा वेळेवर होकार दिलेला आहे. इथवर माझीही सहानुभूती पूर्णपणे तिच्या बाजूला असते. वेळेवर न दिलेले उत्तर मनात किती वर्षे राहते हे कोणाला सांगावे लागत नाही.

पण त्या खिडकीतून आत जाण्यासाठी तिला तिथली एम दूर करावी लागते, आणि ती ते स्वतःच्या हातांनी करते. इथे मी भाचीशी सहमत होऊ शकत नाही. त्या घरातल्या बाईने आपले आयुष्य कोणाकडून हिरावून घेतलेले नव्हते. तिने एका प्रश्नाला उत्तर दिले होते, एवढेच. ती एम ‘मीच’ आहे म्हणून तिचे आयुष्य माझे, हा युक्तिवाद मला फार भयंकर वाटतो, कारण त्यात निर्णय तिचा आणि फळ माझे. मी हे भाचीला सांगितले तेव्हा तिने विचारले की मग एमने काय करायला हवे होते. मी म्हणालो की तिने दार वाजवायला हवे होते. संपूर्ण चित्रपटात ज्या ज्या वेळी दुसऱ्या घराच्या दाराशी जाण्याची वेळ येते त्या त्या वेळी माणसे खिडकीतून पाहतात, चिठ्ठी चिकटवतात, पेटी पळवतात, पण दार वाजवून, ‘आम्ही तुम्हीच आहोत, फार घाबरलो आहोत, आत येऊ का,’ असे कोणी म्हणत नाही. भाचीने यावर थोडा विचार करून सांगितले की नटांच्या टिपणांत तसे लिहिले नसेल. शक्य आहे. पण टिपणांत तर त्यांचे एकही वाक्य लिहिलेले नव्हते, आणि तरी त्यांनी पाच रात्री पुरेल एवढे बोलणे आपल्या मनाने उभे केले. त्यात हे एक वाक्य कोणालाही सुचले नाही, याची मला अजून हळहळ वाटते आहे. पुढच्या आठवड्यात ती गावी आली की आम्ही तो एकत्र पाहणार आहोत, आणि या वेळी तिचे लक्ष एमकडे असेल, माझे त्या आठांपैकीच एक असलेल्या बेथकडे, कारण ती बाई सुरुवातीपासून जे बोलते त्याकडे मी दोन्ही वेळा पुरेसे लक्ष दिलेले नाही.